निवडुंग, फड्या
(हिं. नागफनी, लॅ. ओपन्शिया, कुल-कॅक्टेसी). सपाट, मांसल व नागाच्या फडीसारख्या दिसणाऱ्या खोडांचे काटेरी झुडूप. मराठीत यूफोर्बिया प्रजातीतील चीक असलेल्या काही वनस्पतींनाही निवडुंग म्हणतात. फड्याच्या खोडात तसा चीक नसतो. मूलस्थान अमेरिका खंड. भारतात कुंपणासाठी लावलेल्या याच्या काही जाती पुढे तण बनून पडीक जमिनींवर पसरल्या.

याची त्वग्रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. त्या वेळी शोषलेला कार्बन डाय-ऑक्साइड अम्लरूपाने साठविला जातो व दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. त्यामुळे बाष्पोच्छ्‌वास अत्यल्प होऊन थोड्या पाण्यावर वाढ होते.

संशोधन : फड्याचा व्यापारी उपयोग रंगासाठी झाला. त्यावर पोसल्या जाणाऱ्या कोचिनियल कीटकापासून कार्मिनिक अम्ल हे किरमिजी रंगद्रव्य मिळते. रंगाच्या उद्योगासाठी १७९५ मध्ये ब्राझीलहून कलकत्त्यास कीटक आणले. परंतु ते दुय्यम जातीचे निघाले. रंग साधला नाही, मात्र त्या कीटकांनी ओपन्शिया मोनाकँथा ही जाती झपाट्याने नष्ट केली. १८३६–३८ मध्ये त्यांना मुद्दाम दक्षिण भारतात नेण्यात आले. कीटकांद्वारे तणाच्या जैव नियंत्रणाचे हे आद्य यशस्वी उदाहरण होय. उरलेल्या जातींसाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून डॅक्टिलोपियस ओपन्शी ही दुसरी जाती आणली गेली.

चारा : विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत ल्यूथर बरबँक यांनी बिनकाटेरी वाणांचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८०–९० या दशकात टेक्ससमधून असे वाण आणून लावले. पुढे झांशी, जोधपूर व कर्नाल येथील केंद्रीय संस्थांतही अभ्यास झाला. २०२२ पासून केंद्र शासनाच्या भूसंसाधन विभागाने पाणलोट विकास कार्यक्रमात या लागवडीस उत्तेजन दिले.

ताज्या खोडात सु. ९०% पाणी असल्याने टंचाईत जनावरांची पाण्याची गरज काही अंशी भागते. शुष्क भागात प्रथिने मात्र अल्प (सु. ४–८%) असून कॅल्शियम व ऑक्झॅलेटे पुष्कळ असतात. केवळ फड्यावर ठेवलेल्या जनावरांना ढाळ लागते. म्हणून तुकडे करून कडबा व पेंडीबरोबर देतात. काटेरी जातींचे काटे आधी भाजून काढावे लागतात.

इतर उपयोग : पिकलेली लाल बोंडे खाद्य असून त्यांतील बीटालेन वर्णद्रव्ये खाद्यरंग म्हणून उपयुक्त आहेत. खोडातील बुळबुळीत श्लेष्मल द्रव्याने गढूळ पाण्यातील कण एकत्र येऊन तळाशी बसतात. खोडाच्या सेवनाने जेवणानंतर रक्तातील साखरेची वाढ कमी होते, असे मेक्सिकोतील काही प्रयोगांत आढळले. तथापि मधुमेहावरील औषधांची जागा घेण्याइतका पुरावा नाही.

मर्यादा : मुळांशी पाणी साचलेले या वनस्पतीस सोसत नाही. त्यामुळे किन्हीराजा (जि. वाशिम) परिसरासारख्या कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात भारी काळ्या जमिनीपेक्षा उथळ, मुरमाड माळ व बांध तिला अधिक योग्य ठरतात. तण म्हणून फैलावण्याचा तिचा इतिहास पाहता लागवड बिनकाटेरी वाणांची व मर्यादित क्षेत्रात ठेवणे इष्ट असते. उलटपक्षी, तणनाशासाठी आणलेला डॅक्टिलोपियस ओपन्शी हाच कीटक चारापिकाचा शत्रू ठरू शकतो. मोरोक्कोत २०१४ नंतर त्याने फड्याच्या लागवडीची मोठी हानी केली. म्हणून कीटकप्रतिकारक वाणांचा शोध हे या संशोधनाचे महत्त्वाचे अंग बनले आहे.