दोन पर्जन्यमापकांमधील भोईवाडा

२७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजेपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. १८२६ पासून चालत आलेल्या कुलाबा वेधशाळेत मात्र तो अवघा ७४ मिलिमीटर भरला. या दोन स्थानांमधील अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर असून परळचा भोईवाडा त्यांच्या जवळजवळ मध्यावर येतो. मग भोईवाड्यात त्या दिवशी किती पाऊस पडला असेल? दोन्ही आकड्यांची सरासरी ५०९ येते. परंतु तिला भौतिक अर्थ काहीच नाही. मेघसमूहाची कड वाटेत नेमकी कोठे तुटली, हे दूरदूर ठेवलेल्या दोन भांड्यांना सांगता येत नाही.

भोईवाड्यालगतचा हिंदमाता परिसर सखल आहे. भरतीच्या वेळी तेथील पाणी आपोआप समुद्रात उतरत नाही. पंप केव्हा सुरू करावयाचे, के. ई. एम. किंवा टाटा रुग्णालयाकडे येणारा रुग्ण कोणत्या वाटेने आणावयाचा, हे पुढच्या तासाभराच्या पावसावर ठरते.

२००५ नंतर कुलाब्यास बसविण्यात आलेले डॉप्लर रडार या उणिवेची बरीच भरपाई करते. त्याच्या सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या तरंगांचा काही अंश पावसाच्या थेंबांवरून परततो व त्यावरून पर्जन्यक्षेत्राचे चित्र उमटते. तथापि हे चित्र पावसाचे नव्हे, प्रतिध्वनीचे असते. प्रतिध्वनीची शक्ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते, तर त्यातील पाणी तिसऱ्याच घातानुसार. म्हणजे २ मिलिमीटर व्यासाचा एक थेंब १ मिलिमीटरच्या चौसष्ट थेंबांइतका उजळ दिसतो. पाणी मात्र त्यांच्या एक अष्टमांशच देतो. थेंबांच्या आकारांची वाटणी ठाऊक असल्याखेरीज उजळपणावरून पाऊस काढता येत नाही. मार्शल व पामर यांनी १९४८ मध्ये अशी वाटणी मांडली खरी. परंतु ती कॅनडातील पावसाची. मोसमी सरीने तिचे बंधन पाळावे असे थोडेच आहे!

दुसरी अडचण खास मुंबईची आहे. रडारचा किरण क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखला, तर बारा किलोमीटरवर त्याचा मध्य प्रक्षेपकाच्या पातळीहून जेमतेम ११० मीटर उंच असतो. किरणाची रुंदी एक अंश धरल्यास तेथे ती २१० मीटर भरते. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मनोरे नेमके याच उंचीत शिरतात. स्थिर वस्तूंचा प्रतिध्वनी वेगावरून ओळखून वगळता येतो; मनोऱ्यामागील सावली मात्र वगळता येत नाही. २०२२ मध्ये वेरावली येथे दुसरे रडार कार्यान्वित झाल्यामुळे उत्तरेकडूनही पाहता येऊ लागले. मात्र त्याचे सुमारे ५ सेंटिमीटरचे तरंग मुसळधार पावसात अधिक क्षीण होतात. इन्सॅट-३डी मालिकेच्या उपग्रहांच्या अवरक्त चित्रातील एक ठिपका चार किलोमीटरचा. त्यात दादर व लालबाग एकत्रच मावतात.

म्हणून महानगरपालिकेने अग्निशमन केंद्रांवर व अन्य इमारतींवर बसविलेल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांचे महत्त्व रडारमुळे कमी न होता वाढलेच आहे. रडारच्या चित्राचे प्रमाण यांच्या नोंदींशी ताडूनच ठरवावे लागते. अर्थात हेही साक्षीदार निर्दोष नव्हेत. यातील वाटी ठरावीक पाण्याने भरली की कलंडते व प्रत्येक कलंडणे मोजले जाते. कलंडतेवेळी पडणारे पाणी हिशेबातून निसटते. त्यामुळे सर जितकी जोराची, तितकी नोंद उणी राहते.