वाहनाची जागा : मालकी की वापर?

सदनिकेसोबत पैसे मोजून घेतलेली वाहनाची जागा आपल्याच मालकीची, या समजुतीतून शेजाऱ्यांत वितुष्ट येते. मुंबईतील नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला : इमारतीखालील खांबांमधली जागा १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका कायद्यानुसार ‘गॅरेज’ नव्हे; ती सामाईक असल्याने विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानेही उघडा वाहनतळ सामाईक क्षेत्रात धरला. छत व तीन भिंती असलेले गॅरेज तेवढे वेगळे. म्हणजे सामाईक जागेत सभासदाला मिळतो तो केवळ वापराचा हक्क. जागा अपुरी असल्यास महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे लागते. म्हणून विकासकाच्या पावतीपेक्षा संस्थेचे वाटप महत्त्वाचे ठरते.