पास्त्याच्या पाण्यात तेल ओतू नका

“पाण्यात चमचाभर तेल टाक गं, म्हणजे पास्ता चिकटत नाही.” गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी तीनदा ऐकलं. एकदा किराणा दुकानात, एकदा भाचीने पाठवलेल्या व्हिडिओत आणि एकदा शेजारच्या स्वयंपाकघरात. शेजारच्या मुलीने हौसेने पेन्ने केला होता. टोमॅटोचा सॉस चवीला छान होता, पण ताटलीत तो खाली डबक्यासारखा साचला होता आणि वर पास्ता कोरडा, चकचकीत. “काकू, सॉस याला लागतच नाही,” ती म्हणाली. लागणार कसा? तिने आधी पाण्यात दोन चमचे तेल ओतलं होतं.

तेल पाण्याहून हलकं असतं आणि पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं. पास्ता पाण्याखाली शिजत असतो. खात्री करायची असेल तर काचेच्या भांड्यात करून पाहा. तेलाचे पिवळे थेंब वर फिरत राहतात आणि खाली पास्ते एकमेकांना खुशाल चिकटतात. पास्त्याला ते तेल लागतं ते अगदी शेवटी, चाळणीत ओतताना. म्हणजे चिकटण्याचा धोका असतो तेव्हा तेलाचा उपयोग नाही आणि सॉस चिकटायला हवा तेव्हा मात्र ते आड येतं.

मुळात पास्ता चिकटतो का? उकळत्या पाण्यात पडल्यावर त्याच्या पृष्ठभागावरचे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि खळ तयार होते. पतंगाचा कागद डकवायला आपण मैद्याची करायचो, तीच ही खळ. पहिल्या दोन-तीन मिनिटांत दोन पास्ते शेजारी नुसते पडून राहिले की ही खळ त्यांना जोडून टाकते. पुढे हा स्टार्च पाण्यात निघून जातो आणि धोका कमी होतो. म्हणून उपाय एकच, पहिली दोन-तीन मिनिटं ढवळत राहायचं. हे आपल्याला नवीन आहे का? उपम्याचा रवा उकळत्या पाण्यात सोडताना एक हात डावावरून हलतो का कधी? पास्ताही मुख्यतः रव्याचाच असतो. त्याला वेगळा न्याय का?

कुणी म्हणेल, मोठमोठे लोक तेल घालायला सांगतात. अन्नशास्त्रावर लिहिणारे हॅरल्ड मॅकगी यांचं ‘ऑन फूड अँड कुकिंग’ उघडून पाहावं. तेही पहिली काही मिनिटं सतत ढवळायला सांगतात. तेलाचा पर्याय ते देतात, पण त्यासाठी नूडल्स पाण्याच्या पृष्ठभागावर पुन्हा पुन्हा उचलून तेलातून काढाव्या लागतात. हे दुसरं काम आपल्यापैकी कुणीही करत नाही. तेल घातल्याने फेस कमी येतो, हे खरं आहे. पण त्यासाठी मोठं पातेलं आणि किंचित मंद आच पुरते.

याच गैरसमजाचा जुळा भाऊ म्हणजे शिजलेला पास्ता गार पाण्याखाली धुणं. धुतल्यावर सॉसला धरून ठेवणारा स्टार्चच वाहून जातो. थंड सॅलड करायचं असेल तरच धुवा. एरवी उलट करा. निथळण्याआधी वाटीभर गढूळ पाणी काढून ठेवा, पास्ता थोडा कच्चा असतानाच सॉसच्या कढईत टाका आणि ते पाणी घालत मिनिटभर परता. त्या पाण्यातला स्टार्च सॉसमधलं तेल आणि पाणी एकजीव करतो.

तेलाची खरी काळजी करायची ती वांग्यासाठी. सिसिलीतल्या कातानिया शहराचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ घ्या. तळलेली वांगी, टोमॅटो, बेसिल आणि वरून किसलेलं खारवलेलं रिकोत्ता चीज. नाव पडलं ते त्याच गावच्या बेल्लिनी या संगीतकाराच्या १८३१च्या ‘नोर्मा’ या ऑपेरावरून. या पदार्थासाठी वांग्याला मीठ चोळून ठेवतात आणि सगळे सांगतात की त्याने कडूपणा निघतो. आज बाजारात येणारी कोवळी वांगी फारशी कडू नसतातच. कडू असतं ते जून, बियाळ वांगं. तिथेही मीठ मुख्यतः कडूपणा जिभेला जाणवू देत नाही. मिठाचा खरा फायदा दुसरा आहे. वांग्याची फोड चिमटीत दाबून पाहा, स्पंजासारखी दबते. आत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्याच तेल पितात. मीठ चोळून फोडी अर्धा तास चाळणीत ठेवल्या की पाणी सुटतं आणि पोकळ्या बसतात. मग फोडी हलक्या पिळून फडक्याने टिपा आणि चांगल्या तापलेल्या तेलात सोडा. तेल कमी लागतं.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

गैरसमज: मीठ घातलं की पाणी लवकर उकळतं.
वस्तुस्थिती: लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू ०.२ अंशाहूनही कमी वाढतो. मीठ चवीसाठी घालायचं.

गैरसमज: भिंतीवर फेकलेला पास्ता चिकटला म्हणजे शिजला.
वस्तुस्थिती: त्याने चिकटपणा कळतो, शिजणं नाही. एक तुकडा दाताने तोडून बघा. मध्ये पांढरा ठिपका जेमतेम दिसला की उतरवा.

गैरसमज: पास्ता म्हणजे मैदा.
वस्तुस्थिती: इटलीत सुकवलेला पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच हवा, असा १९६७पासून कायदा आहे. आपला बन्सी गहूही ड्यूरमच. मात्र आपल्याकडे मैद्याचाही पास्ता विकला जातो, म्हणून पाकिटामागची यादी वाचा.

गैरसमज: पास्ता मार्को पोलोने चीनमधून आणला.
वस्तुस्थिती: तो व्हेनिसला परतला १२९५मध्ये. सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबियात शेवयांसारखा पदार्थ बनतो आणि जहाजांतून दूरदूर जातो, असं भूगोलकार अल-इद्रिसीने ११५४मध्येच लिहून ठेवलं होतं.

गैरसमज: नर वांग्यात बिया कमी, मादी वांग्यात जास्त.
वस्तुस्थिती: फळाला नर-मादी नसतं. वांग्याच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. बिया वाणावर आणि जूनपणावर ठरतात. जळगावच्या भरिताच्या वांग्यात त्या कमी असतात, ते त्या वाणाचं वैशिष्ट्य.

परवा त्याच मुलीबरोबर पुन्हा पेन्ने केला. तेलाची बाटली मी कपाटातच ठेवायला लावली. तिने घड्याळ लावून तीन मिनिटं ढवळलं, वाटीभर पाणी काढून ठेवलं, आणि पास्ता कढईत परतताना ते थोडं थोडं घातलं. सॉस दाटला आणि पेन्नेच्या पन्हाळींत जाऊन बसला. खाऊन झाल्यावर ताटलीत डबकं नव्हतं, फक्त बोटाने पुसून घेण्याइतका लाल रंग होता.