भाड्याची गाडी चोरीस जाते तेव्हा

उन्हाळी कांद्याची आवक वाढली की सायखेड्याच्या उपबाजाराभोवती परगावच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. निर्यातदारांचे खरेदी प्रतिनिधी, व्यापारी पेढ्यांचे तरुण कारभारी, द्राक्षांच्या दिवसांत मालाची प्रत पाहणारे तज्ज्ञ अशी कितीतरी मंडळी या गोदाकाठच्या गावात दोन-तीन दिवसांसाठी मुक्कामास येतात. पूर्वी ही मंडळी एस.टी.ने चांदोरीच्या फाट्यावर उतरत आणि पुढे मिळेल त्या वाहनाने येत. आता ती नाशिकरोडला रेल्वेतून उतरतात, मोबाइलवरून गाडी ठरवतात आणि स्वतः चालवीत गावात दाखल होतात. त्यांत आपल्या समाजातील तरुणांची संख्याही लक्षणीय आहे. म्हणूनच हा विषय या अंकासाठी निवडला.

अशा गाड्यांच्या नंबरपाटीकडे फारसे कोणी पाहत नाही, परंतु सारे प्रकरण तेथूनच सुरू होते. खासगी वाहनाची पाटी पांढरी व अक्षरे काळी असतात. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. आणि ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी परवान्याने भाड्यास दिलेल्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. या तिसऱ्या प्रकारासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७५ अन्वये १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे. मूळ योजनेनुसार परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असणे अपेक्षित आहे. दोन-तीन गाड्यांच्या मालकाला ही अट कशी पेलणार? तो मग पांढऱ्या पाटीचीच गाडी ‘ओळखीत’ भाड्याने देतो. ग्राहकाचे दिवसाला पाच-सातशे रुपये वाचतात आणि सारे काही सुरळीत असते तोपर्यंत कोणाचेच काही बिघडत नाही.

गेल्या हंगामात असेच एक प्रकरण आमच्याकडे घडले. पुण्याच्या एका कंपनीचा सत्तावीस वर्षांचा प्रतिनिधी कांदाखरेदीसाठी आला होता. माझ्या परिचितांचा मुलगा, शांत स्वभावाचा, रात्रीचा चौविहार पाळणारा. नाशिकमधून त्याने तीन दिवसांसाठी पांढऱ्या पाटीची गाडी घेतली. रोजचे १,८०० प्रमाणे ५,४०० रुपये भाडे आणि ५,००० रुपये अनामत, दोन्ही रकमा यूपीआयने दिल्या. यजमानांच्या फाटकासमोर रात्री गाडी लावली, काचा व दारे बंद केली आणि किल्ली उशाशी ठेवली. सकाळी लिलावाला निघावे म्हणून बाहेर आला, तर फाटकासमोर चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. मालकाच्या मोबाइलवर चांदवडजवळच्या टोलनाक्याचा फास्टॅगमधून रक्कम कापल्याचा संदेश पहाटेच येऊन पडलेला होता. तो त्याने वाचला सकाळी नऊ वाजता. म्हणजे गाडी आग्रा महामार्गाने धुळ्याच्या दिशेने निघून गेल्याला काही तास उलटले होते.

मुलाने घाबरून पहिला दूरध्वनी मालकाला केला, दुसरा माझ्याकडे. क्रम बदलायला हवा होता. गाडी जागेवर नाही असे दिसताच ११२ क्रमांकावर कळवणे हे पहिले काम, कारण नाकाबंदीचा उपयोग पहिल्या तास-दोन तासांतच होतो. फास्टॅगचा संदेश आणि गाडीत जीपीएस असल्यास त्याचे ठिकाण, ही माहिती पोलिसांच्या हाती द्यावी. तिच्या मागे आपण स्वतः धावू नये.

माझ्या सांगण्यावरून तो तातडीने पोलीस ठाण्यात निघाला. तेवढ्यात मालक नाशिकहून येऊन पोहोचला. चाळिशीचा, कष्टाळू गृहस्थ. तीन गाड्या, त्यांपैकी दोन कर्जावर. त्याने मुलाला बाजूला घेतले आणि हात जोडले. “भाऊ, भाड्याने दिली असं ठाण्यात सांगू नका. मित्राला वापरायला दिली होती, एवढंच लिहून द्या. भाड्याचं नाव निघालं तर विमा गेला म्हणून समजा. माझं घर बसेल.”

मुलगा माझ्याकडे आला. “काका, माझ्या एका शब्दाने त्याचं घर वाचत असेल, तर काय बिघडलं?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. करुणा त्यात खरी होती. समोरचा माणूस लबाड नव्हता, अगतिक होता. आणि तरीही मी नाही म्हणालो. माझी कारणे दोन प्रकारची होती, एक बँकेच्या खुर्चीवरचे आणि दुसरे स्थानकात बसून ऐकलेले.

पहिले कारण रोकडे. खात्यातील नोंद खोडता येत नाही. ५,४०० आणि ५,००० या दोन रकमा मुलाच्या खात्यातून मालकाच्या खात्यात गेल्या होत्या, तारीख-वेळेसह. दाव्याची चौकशी करणारा अन्वेषक पहिल्या आठवड्यात त्या मागवणार. तोंडी जबाब एक आणि खातेउतारा दुसरा, अशी स्थिती आली की दावा केवळ ‘अटीचा भंग’ या सदरात राहत नाही, तो ‘खोटी माहिती’ या सदरात जातो. शिवाय खोटी फिर्याद देणारा म्हणून मुलावरच संशय वळतो. गाडी त्याच्या ताब्यात होती. चोरी आणि विश्वासघात यांतील सीमारेषा तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने फार पुसट असते, आणि भारतीय न्याय संहितेत दोहोंसाठी स्वतंत्र कलमे आहेत. चोरीसाठी ३०३ आणि विश्वासघातासाठी ३१६.

दुसरे कारण उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातले. सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ हे दोन शेजारी शेजारी येतात. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे. न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या वस्तूचा अपहार करणे. भाड्याने घेतलेली गाडी हा न्यासच. तो आपल्या हातून अन्य कोणी पळवला, तर तो आपला अतिचार नव्हे. पण तो कसा गेला याविषयी खोटा कागद केला, तर मात्र आपण त्या यादीत जाऊन बसतो. मुलाला मी एवढेच सांगितले. त्याने मान हलवली आणि ठाण्यात जे घडले तेच सांगितले.

न्यास या शब्दाला आपल्या कायद्यातही घर आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये ‘निक्षेप’ नावाचे प्रकरण आहे. दुसऱ्याची वस्तू एखाद्या हेतूसाठी ताब्यात घेणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर परत करणे, असा त्याचा गाभा कलम १४८ मध्ये सांगितला आहे. सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. आणि तेवढी काळजी घेतलेली असेल, तर वस्तू गमावल्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येत नाही, असे कलम १५२ सांगते. मात्र या कलमात ‘वेगळा करार नसेल तर’ अशी एक अट आहे. भाडेकरारातील बारीक अक्षरांची पाने हा तो वेगळा करार. मोबाइलवर ‘मान्य’ असे बोट टेकवून आपण नेमके काय मान्य करतो, हे दहांतील नऊजण वाचत नाहीत. चोरी झाल्यास अनामत जप्त, दावा निकाली निघेपर्यंतचे भाडे ग्राहकाकडून, अशा अटी त्यांत असू शकतात. तेवढी दोन पाने प्रवासाआधी वाचून घ्यावीत.

कामानिमित्तच्या प्रवासात आणखी एक प्रश्न असतो. गाडी कोणाच्या नावाने घेतली? करार अधिनियमाच्या कलम २२२ नुसार, दिलेल्या अधिकारात राहून प्रतिनिधीने केलेल्या कायदेशीर कृत्यांच्या परिणामांपासून त्याला सांभाळणे हे ज्याच्या वतीने तो काम करतो त्याचे कर्तव्य आहे. पण विनापरवाना गाडी स्वस्तात घेतली, तर कंपनी हात वर करायला मोकळी होते. या मुलाच्या कंपनीने भाडे दिले, बाकीशी आमचा संबंध नाही असे कळवले.

प्रथम खबर कशी द्यावी, याबद्दल लोकांमध्ये अजून गैरसमज आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांत प्रत्यक्ष सही करावी लागते. खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. म्हणजे पुण्याचा मनुष्य, नाशिकची गाडी आणि सायखेड्यातील चोरी, या तिढ्यामुळे अडण्याचे कारण उरलेले नाही. विमा कंपनीला त्याच दिवशी ई-मेल, कर्ज देणाऱ्या बँकेला पत्र, परिवहन कार्यालयाला पत्र, हे सारे मालकाने करायचे असते. आमच्या मालकाने ते सायंकाळपर्यंत केले, माझ्याच टेबलावर बसून.

या तातडीला न्यायालयीन पार्श्वभूमी आहे. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात ट्रॅक्टर चोरीस गेला होता. फिर्याद तत्काळ झाली, पण विमा कंपनीला कळवण्यास ५२ दिवस लागले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये निर्णय दिला की पोलिसांत वेळेवर खबर दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही. पोलिसांतील खबरीचा उशीर मात्र असा सहज पदरात घेतला जात नाही.

आमच्या मालकाला ज्याची भीती होती, त्या प्रश्नावरही निवाडा आहे, आणि तो बहुतेक छोट्या गाडीमालकांना ठाऊक नसतो. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध नितीन खंडेलवाल (२००८) या प्रकरणात खासगी विम्याची गाडी भाड्याने चालवली जात असताना पळवली गेली. सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे असे की गाडी चोरीस गेली असेल, तर ती कशासाठी वापरली जात होती हा मुद्दा दावा समूळ नाकारण्यास पुरेसा नाही. अटीचा भंग झाला असल्यास दावा ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, ७५ टक्क्यांपर्यंत, मान्य करावा. २०२३ मध्ये अशोक कुमार प्रकरणात चालक किल्ली ट्रकमध्येच ठेवून पत्ता विचारायला उतरला होता. तेथेही ७५ टक्केच. म्हणजे जे सत्य सांगायला मालक भीत होता, त्याची किंमत संपूर्ण विमा नव्हे, एक चतुर्थांश होती.

पुढचे महिने कंटाळवाणे गेले. त्यांचे वर्णन करण्यात अर्थ नाही, फक्त कागदांची नावे सांगतो. तपास लागला नाही की पोलीस ‘अ समरी’ अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी व माल मिळाला नाही. न्यायालयाने तो मंजूर केल्याशिवाय विमा कंपनी पुढे सरकत नाही. दोन्ही किल्ल्या, नोंदणी पुस्तक, सही केलेले फॉर्म २८, २९ व ३०, आणि अधिकारप्रदानाचे पत्र द्यावे लागते. दुसरी किल्ली मालकाच्या घरी खुंटीला होती आणि पहिली मुलाने पहिल्याच दिवशी पंचनाम्यात दाखवली होती. या एका गोष्टीने अन्वेषकाचे निम्मे प्रश्न मिटले.

या साऱ्या काळात कर्जाचे हप्ते चालूच राहतात, हे अनेकांना अन्यायाचे वाटते. बँकेत असताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल: “साहेब, गाडीच नाही, तर हप्ता कशाचा?” गाडी तारण असते, कर्ज माणसाने घेतलेले असते. तारण गेले म्हणून कर्ज फिटत नाही. विम्याची रक्कम आधी बँकेकडे येते, ती याच कारणाने.

कंपनीने प्रथम नकाराचे पत्र पाठवले. मालकाने तक्रार कक्षाकडे २००८ च्या निवाड्याचा दाखला देऊन अर्ज केला. तेथे दाद मिळाली नसती, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रारीचा मार्ग होता. त्यासाठी नकारानंतर एक वर्षाची मुदत असते. तेवढ्यापर्यंत जावे लागले नाही. घोषित मूल्य ४,५०,००० रुपये होते. त्याचे ७५ टक्के म्हणजे ३,३७,५००. किरकोळ वजावट बाजूला ठेवली, तर त्यातून बँकेचे २,९०,००० वळते झाले आणि मालकाच्या हाती ४७,५०० आले. मुलाने अनामतीचे ५,००० मागितले नाहीत. मालकाने ते परत पाठवले. मुलाने पुन्हा त्याच्याच खात्यात भरले. हा व्यवहार खातेउताऱ्यात तीनदा दिसतो.

चोरीची गाडी जाते कोठे? काही गाड्या चासीस व इंजिन क्रमांक खोडून नव्या कागदांवर उभ्या राहतात, काहींचे सुटे भाग होऊन स्वस्त बाजारात येतात. अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे बनावट माल खऱ्याच्या नावाने चालवणे, हे दोन्ही आहेत. न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्येही चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हाच आहे. गॅरेजमध्ये ‘अर्ध्या किमतीत ओरिजिनल’ म्हणून मिळणारा आरसा किंवा गिअरबॉक्स घेताना पावती मागणारे ग्राहक मला क्वचितच दिसतात; आपल्या समाजातीलही.

ती गाडी अद्याप सापडलेली नाही. सापडलीच, तर ती विमा कंपनीची. मालकाने उरलेल्या दोन गाड्यांपैकी एक विकली. दुसरी एका परवानाधारकाशी जोडून घेण्याची त्याची खटपट सुरू आहे. काळ्या पाटीचा खर्च किती येईल, असे विचारायला तो मागच्या पंधरवड्यात येऊन गेला.