चार सिलिंडरांचं इंजिन : चार गैरसमज

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर तालुक्यातल्या इरुंगट्टुकोट्टईच्या कारखान्यातून १९९८ मध्ये ह्युंदाईची सॅन्ट्रो बाहेर पडली. पुढे इथेच तयार झालेली आय-१० युरोपातही गेली. या गाड्यांच्या चार सिलिंडरांच्या इंजिनांबद्दल आजही काही ठाम समजुती आहेत. त्या एकदा तपासून घेऊ.

गैरसमज : चार सिलिंडर म्हणजे मोठं इंजिन, पेट्रोल जास्त पिणारच.
वस्तुस्थिती : पहिल्या सॅन्ट्रोचं इंजिन ९९९ सीसीचं होतं. सिलिंडरचा व्यास ६६ मिमी, पिस्टनची धाव ७३ मिमी. म्हणजे एका सिलिंडरला जेमतेम २५० सीसी. मारुती ८०० मध्ये सिलिंडर तीनच, पण प्रत्येक सुमारे २६५ सीसीचा. इंधन किती लागेल हे एकूण सीसी, गाडीचं वजन आणि चालवणाऱ्याचा पाय ठरवतो.

गैरसमज : सिलिंडर जास्त, तर ताकद जास्त.
वस्तुस्थिती : ह्युंदाईच्याच २०१९ च्या व्हेन्यूमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडरांचं इंजिन ८३ पीएस द्यायचं. एक लिटरचं, तीन सिलिंडरांचं टर्बो इंजिन १२० पीएस. टर्बो जास्त हवा कोंबतो, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त इंधन जळतं.

गैरसमज : चार सिलिंडर असले की थरथर उरतच नाही.
वस्तुस्थिती : दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे मोठे धक्के एकमेकांना खोडतात. पण कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे पिस्टनचा वेग वरच्या टप्प्यात जास्त असतो, खालच्या टप्प्यात कमी. या तफावतीतून प्रत्येक फेऱ्याला दोनदा कंप उठतो. छोट्या इंजिनाचे पिस्टन हलके, म्हणून तो फारसा जाणवत नाही. तीन सिलिंडरांच्या तुलनेत हे इंजिन शांत वाटतं ते खरं, पण माउंटिंगचं रबर झिजलं की थरथर स्टिअरिंगपर्यंत पोचते.

गैरसमज : टायमिंग चेन आली, आता काळजी नको.
वस्तुस्थिती : सॅन्ट्रोच्या इंजिनात टायमिंग बेल्ट होता आणि तो ठरावीक अंतराने बदलावा लागे. २००८ मध्ये आय-१० ला मिळालेल्या ११९७ सीसीच्या 'कापा' इंजिनात ब्लॉक ॲल्युमिनियमचा झाला आणि बेल्टच्या जागी चेन आली. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं झालं की चेन झिजून सैल पडते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला खडखडते.

तेव्हा सेकंडहँड गाडी बघायला जाल, तर सिलिंडर मोजत बसू नका. इंजिन थंड असताना चालू करून ऐका आणि ऑइल कधी बदललं ते सर्व्हिस बुकात पाहा.