नऊ वेळा एक

माझ्या नातीला गणिताचा भारी कंटाळा. परवा रविवारी ती आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आली, तेव्हा मी तिला म्हटले, ‘‘नऊ वेळा एक लिही आणि त्या संख्येला तिनेच गुण.’’ तिने मोबाइल काढला. उत्तर सतरा आकडी. पडद्यावर ते मावेना, शेवटचे आकडे यंत्राने परस्पर गिळले. मग मी पाठकोरा कागद पुढे केला.

नऊ ओळी एकाखाली एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकवून. प्रत्येक घरात किती एक जमले, तेवढे मोजायचे. उजवीकडून एक, दोन, तीन असे चढत मधल्या घरात नऊ, आणि पुन्हा उतरत एक. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. हातचा एकदाही नाही! डावीकडचा पहिला एक ‘लीलावती’तल्या ‘मध्य’ या स्थानावर येतो. त्यापुढची पायरी थेट परार्धाची.

या घराण्यातल्या संख्यांना नाव दिले ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. ते आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिकाचे मानकरी. पुढे १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले. डेमलो, म्हणजे डोंबिवली, स्थानकावर या संख्या त्यांना सुचल्या, म्हणून त्यांना ‘डेमलो संख्या’ म्हणायचे. स्थानकाचे नाव संख्येला देणारा गणिती मला तरी दुसरा ठाऊक नाही. हा पोरखेळ आहे, असे म्हणणारे गणितज्ञ आपल्याकडे बरेच होते. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कुठे जगाला हे शाळामास्तर कळले.

माझीही अशी एक वही होती. आकड्यांचे त्रिकोण रचलेली. आमच्या मास्तरांनी तिच्यावर लाल शाईने ‘रिकामे उद्योग’ असा शेरा मारला आणि मी मुकाट्याने वाणिज्य शाखेला गेलो.

मास्तरांचे अगदीच चुकले होते असे नाही. हा डोंगर आपण दहा अंकांत लिहितो म्हणून दिसतो. संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीत लिहा, तो मावळतो. पण काही गोष्टी कुठल्याही लिपीत टिकतात. नऊ एकांच्या संख्येचे अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. आपली संख्या तिचाच वर्ग, म्हणून तीत हे सगळे दोनदोनदा येतात. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला भागही जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्ये आठच नाही, हे पाहिलेत? वाचकांनी तिला नऊने गुणून पाहावे.

‘‘मग दहा वेळा एक घेतला तर?’’ नातीने विचारले. मी मुद्दामच गप्प राहिलो. तिने दहा ओळी मांडल्या. मधल्या घरात दहा आले, शून्य लिहून हातचा एक. शेजारच्या नवात तो मिसळला, तिथेही शून्य, पुन्हा हातचा. त्या पलीकडच्या आठाचा झाला नऊ. १२३४५६७९००९८७६५४३२१.

‘‘आजोबा, इथेही आठ पळाला!’’ ती ओरडली. ‘‘पण डावीकडचाच. असं का?’’

चहा निवून गेला होता. ती दुसरा पाठकोरा कागद शोधायला माझ्या टेबलाकडे गेली.