खाली पडलेल्या मुलाला उचलू नका

परिपाठाच्या रांगेत नववीतली एखादी मुलगी पांढरीफटक पडते, डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळते आणि चार हात तिला खुर्चीत बसवायला धावतात. कोणी कांदा हुंगवतो, कोणी ‘उपाशी आली असेल’ म्हणतो. या धावपळीत सर्वाधिक नुकसान करते ती खुर्ची. उभे राहिल्यावर अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात. ‘सावधान’मध्ये हा पंप थांबतो. मग काही जणांचे शरीर उलटाच हुकूम सोडते. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, मेंदूला रक्त अपुरे पडते. आडवे होताच ते पुन्हा पोहोचू लागते. कोसळणे हाच निम्मा उपचार आहे! उचलून बसवले की बेशुद्धी लांबते, हातपाय झटके देऊ शकतात आणि शाळाभर ‘फिट आली’ अशी बातमी होते.

दोष मंदावलेल्या नाडीचा, असे वाटणे साहजिक आहे. ब्रिटिश हृदयतज्ज्ञ सर टॉमस लुईस यांनी १९३२ साली दाखवले, की अॅट्रोपिन टोचून नाडी वाढवली तरी रक्तदाब खालीच राहतो. खरी मेख सैलावलेल्या वाहिन्यांत होती. किती सुंदर प्रयोग! पायांवर पाय आवळून धरणे, मुठी घट्ट वळणे या साध्या उपायांमागचे तर्कशास्त्र त्यातूनच उलगडते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, २२३ रुग्णांच्या चाचणीत नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी सुमारे ५१ टक्क्यांना पुन्हा भोवळ आली; जोडीला स्नायू आवळायला शिकलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. त्यात प्रौढच जास्त होते आणि पूर्वसूचना न मिळणाऱ्यांना हा उपाय अपुराच पडतो, हे मान्य. पण घाम, मळमळ, कानात गुंजन ही सूचना अनेकांना मिळते. तेव्हा खाली बसायला परवानगी मागावी लागली, तर ते मोलाचे क्षण वाया जातात.

मुले सोंग करतील, ही शिक्षकांची शंका रास्त आहे. पण सोंगाची किंमत दोन मिनिटे बसणे, आणि अविश्वासाची किंमत फरशीवर आपटलेले डोके. म्हणून रांगेत न विचारता बसण्याची मुभा हवी, पाण्याची बाटली जवळ हवी. पडलेच तर पाय उंच करून झोपवावे. मात्र धावताना किंवा झोपून असताना शुद्ध हरपली, आधी छातीत धडधडले, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर त्याला साधी भोवळ समजू नये. तिथे ईसीजी लगेच काढायला हवा.